डबा वर, पोरगी खाली

माझी आत्या कोणालाही भेटली की आधी त्याच्या कोपराची आतली बाजू बघते. चेहरा नंतर, तोही वेळ उरला तर. तिच्या तोंडून आयुष्यात कोणाचं कौतुक निघालं असेल तर ते एकच, "छान नस आहे हो तुमची." ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते. लोक सकाळी उपाशीपोटी बसलेले असतात, चहासाठी जीव अर्धा झालेला असतो, आणि ही बेल वाजवते, खांद्यावरचा डबा खाली ठेवते, हात पुढे करा म्हणते, दोन बोटांनी चाचपते, क्षणभर डोळे मिटते आणि संपलं. लोक म्हणतात, अहो टोचलं कधी? दुसऱ्यांदा सुई लावावी लागली तर तिला तो स्वतःचा अपमान वाटतो आणि त्याचा राग ती पेशंटवर काढते. "पाणी पीत जा जरा, नस आहे का दोरा."

पप्पा तिचे मोठे भाऊ, त्यांनी तिला डास नाव ठेवलंय. ती दारात दिसली की ओरडायचे, "आला आमचा डास, बाह्या खाली करा रे." ती हसायची. तिला हसताना बघायचं असेल तर तिच्या कामाची चेष्टा करायची, बाकी कशाची केली तर चावते.

माझ्या आईला ती पहिल्यांदा भेटली तेव्हा आत्या हेच काम शिकत होती. सगळं बायकी कौतुक चाललेलं, साडी बघ, बांगड्या बघ. हिने आईचा हात धरला, उलटा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, तुझ्या नसा पळपुट्या आहेत गं." आई अजून विसरलेली नाही. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. एकमेकींचं वाईट चिंतत नाहीत, पण चांगलं बघवतही नाही, अशा त्या दोघी.

आता डब्याबद्दल सांगते, कारण डबा महत्त्वाचा आहे. निळा, झाकणाचा, आत बर्फाच्या पिशव्या आणि रक्ताच्या नळ्यांचं स्टँड. लॅबचा नियम आहे, डबा गाडीत ठेवायचा नाही. एक मिनिटसुद्धा नाही. बंद गाडी तापते, रक्त खराब होतं, रिपोर्ट चुकतो. म्हणून दहावा मजला असू दे, लिफ्ट नसू दे, डबा खांद्यावर. आत्याला या नियमाचा इतका अभिमान की विचारू नका. लॅबमध्ये एक नवीन मुलगी आली होती, ती घाईत डबा गाडीत ठेवून वर गेली. आत्याने तिला असं झापलं की ती बाथरूममध्ये जाऊन रडली. हे आम्हाला आत्यानेच आमच्या सोफ्यावर बसून सांगितलं होतं, चहा पीत, रंगवून रंगवून. "मी म्हटलं, बाई, कोणाच्या तरी शरीराचा तुकडा आहे तो. विश्वासाने दिलाय तुझ्या हातात. आणि तू उन्हात ठेवून आलीस?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

आत्याला एक मुलगी आहे, चार वर्षांची. गोल डोकं, गोल पोट, पळायला लागली की घरंगळतेच, म्हणून आम्ही तिला गोटी म्हणतो. आधी गोटी सकाळी आमच्याकडेच असायची. आत्या पहाटे सोडून जायची, दुपारी न्यायची. आई वरवर कुरकुर करायची, पण गोटी उठायच्या आधी तिचा कप विसळून ठेवायची. दोघींचा एक खेळ होता. गोटी पडद्यामागे लपायची आणि काही केल्या बाहेर यायची नाही. मग आई म्हणायची, "बरं बाई, तू जिंकलीस. आता मी लपते." की गोटी लगेच बाहेर. दुसरं कोणी लपलेलं तिला सहन व्हायचं नाही.

मग गोटी पडली. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, ही सोफ्यावर उड्या मारत होती, टेबलाची कड हनुवटीला लागली आणि टाके पडले. कुठल्याही घरात होतं ते. आत्या आली, हनुवटी बघितली, आईकडे बघितलं. आई बिचारी आधीच रडून रडून लाल झालेली. आत्या म्हणाली, "तुझ्याकडे ठेवण्यापेक्षा माझ्या गाडीत बरी. तिथे निदान पडायला जागा नाही."

आई म्हणाली, "मग ने."

नेली. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. पप्पा मध्ये पडले तर दोघींनी मिळून पप्पांनाच धुतलं, एवढंच काय ते एकमत. आम्हाला वाटायचं, आत्या गोटीला प्रत्येक घरात बरोबर नेत असेल. पप्पांनी विचारलं तर म्हणायची, "माझ्याबरोबरच असते की." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, गोटीचे वडील कुठे गेले. कुठे जातायत, घरीच असतात. आतोबा रात्रपाळीला, पॅकिंगच्या कारखान्यात. सकाळी आत्या निघते तेव्हा ते येतात आणि झोपतात. कानात कापूस, खिडकीला जाड पडदा, फोन उपडा. "झोप नाही झाली तर मशीनमध्ये बोट जाईल माझं." बरोबर आहे. बोटाची काळजी घ्यायलाच हवी, बोटं दहाच असतात. मुलगी एकच आहे ते वेगळं. ती रोज सकाळी कुठे असते हे त्या माणसाने एकदाही विचारलं नाही. आईबरोबर आहे ना, मग झालं.

तर आता त्या सकाळी काय झालं ते.

आमच्या घरापासून जवळच एक मोठं कॉम्प्लेक्स आहे, निळ्या इमारती, मधे पार्किंग. तिथे वरच्या मजल्यावर एक आजारी आजोबा राहतात. त्यांच्या नसा अशा की लॅबमधलं दुसरं कोणी जायला तयार नसतं, आत्याच हवी. आत्याने नेहमीप्रमाणे गाडी इमारतीच्या मागे सावलीत लावली, खिडकी बोटभर खाली ठेवली, गोटीला बिस्कीट दिलं. डबा खांद्यावर घेतला. आणि वर गेली. पाच मिनिटांचं काम.

हे पाच मिनिटांचं काम म्हणणारे लोक मला एकदा ओळीत उभे करून बघायचेत. पाच मिनिटं तुमच्या हातात असतात का? आजोबांची नस तुमच्या हातात आहे, ठीक. लिफ्ट कोणाच्या हातात आहे?

रक्त घेतलं, एकाच टोचणीत घेतलं, आजोबांची सून वा म्हणाली, आत्या लिफ्टमध्ये शिरली. आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. दिवे चालू, पंखा बंद, दार उघडेना. आत ती आणि डबा.

आधी ती घाबरली नाही. बेल दाबली, दार वाजवलं. वॉचमन आला, बाहेरून म्हणाला, "मॅडम, शांत रहा, मेकॅनिकला फोन केलाय." आत्या म्हणाली, "माझी मुलगी गाडीत आहे. मागे पांढरी गाडी. जाऊन बघा."

वॉचमन गेला, आला. म्हणाला, "मॅडम, गाडीत कोणी नाही."

आत्या म्हणाली, "आहे. नीट बघा."

तो परत गेला. या वेळी त्याने काच जोरात ठोकली, हाका मारल्या. परत आला. "मॅडम, मी सगळ्या काचांतून बघितलं. मागे खाली एक कपडा पडलाय फक्त. मूल नाही. कोणी काढून नेलं असेल का?"

ती कपड्याखालीच होती. कारण आत्याने तिला तसं शिकवलं होतं. एकदा कुठल्यातरी बाईने गाडीत एकटी मुलगी बघून आरडाओरडा केला होता, पोलिसांना बोलावते म्हणाली होती. तेव्हा आत्याने काय करावं? मुलीला एकटं ठेवणं बंद करावं, असं तुम्हाला वाटेल. नाही. तिने मुलीला लपायला शिकवलं. कोणी काचेजवळ आलं की सीटवरून खाली सरकायचं, पाय ठेवायच्या जागेत बसायचं, आत्याचा जुना ॲप्रन अंगावर घ्यायचा आणि आवाज करायचा नाही. कितीही ठोकलं तरी नाही. गोटी या खेळात एकदम पटाईत. वॉचमन जितका जोरात ठोकत होता तितकी ती घट्ट बसत होती. हुशार माझी आत्या. स्वतःची मुलगी जगातल्या प्रत्येक मदत करणाऱ्या माणसापासून लपवून ठेवली तिने, इतकी बेमालूम की वेळ आली तेव्हा सापडेना.

वॉचमनला कपड्याखाली बघा म्हणून सांगायला तिने तोंड उघडलं तर तो तिथे नव्हताच. गेटकडे पळाला होता, मूल हरवलं म्हणून कोणाला तरी बोलवायला.

मग तिने आतोबांना फोन केला. उपडा फोन. परत केला. उपडाच.

मग तिने माझ्या आईला केला. आम्ही स्वयंपाकघरात होतो, मी कॉलेजला निघायचं म्हणून टोस्ट उभ्याने खात होते. आईने स्क्रीनवर नाव बघितलं, भुवई वर केली आणि फोन कापला. म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?" परत वाजला. परत कापला.

मग माझा वाजला. आत्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, अगदी हळू, जसं कोणी झोपलंय आणि उठायला नको. "गोटी गाडीत आहे. निळ्या इमारतीच्या मागे. मी लिफ्टमध्ये अडकलेय. तो म्हणतो कोणी नाही. ती ॲप्रनखाली असते. मागे, खाली." आणि फोन तुटला.

मी आईला ओरडून सांगितलं. आईने गॅस बंद केला की नाही मला माहीत नाही, चपला तर नाहीच घातल्या. स्कूटरवर माझ्या मागे बसली आणि पूर्ण रस्ताभर माझा शर्ट मुठीत धरून एकच म्हणत होती, "मी कापला गं फोन. दोनदा कापला."

सावली सरकली होती. सकाळी इमारतीची सावली जिथे असते तिथे नंतर नसते, हे शाळेत शिकवतात. पांढरी गाडी सगळीच्या सगळी उन्हात उभी. वॉचमन गेटवर फोनवर बोलत होता, दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, गाडी तर रिकामीच आहे. मी मागच्या काचेला नाक लावलं. ॲप्रन दिसला. मधोमध एक उंचवटा. मी ठोकायला हात उचलला तर आईने तो धरला.

"ठोकू नकोस. ती घाबरून बसलीय."

मग आई त्या तापलेल्या सिमेंटवर अनवाणी खाली बसली, गाडीच्या दाराला टेकून, खिडकीच्या खाली. आणि त्या बोटभर फटीतून आत ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी रोजच्यासारखं म्हणाली, "बरं बाई, तू जिंकलीस. आता मी लपते."

काही नाही. मी ॲप्रनकडे बघत होते. आई परत म्हणाली, "मी लपले हं. शोध बघू मामीला."

ॲप्रन हलला. एक लाल, ओलंचिंब डोकं बाहेर आलं. डोळे अर्धे मिटलेले, केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. पुढ्यात उलटी झालेली. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "ताई, मामी कुठंय?" इतक्या बारीक आवाजात की ऐकू नाही आलं, ओठांवरून कळलं.

मागच्या दारांना मुलांसाठीचं लॉक, आतून उघडतच नाही. वॉचमन इमारतीतला आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन धावत आला होता. आईने तो त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावला. माझी आई, जिला बरणीचं झाकण उघडत नाही. तिने पुढची काच फोडली, पुढची अशासाठी की गोटीवर पडू नये, आणि हात आत घालून लॉक काढलं. काच मनगटाजवळ लागली, रक्त यायला लागलं, तिला पत्ताच नाही. गोटीला बाहेर काढून सावलीत नेलं, पिशवीवाल्या एका बाईने पाणी दिलं, ओला रुमाल दिला. गोटी घोट घोट प्यायली. मग रडली. ते रडणं ऐकून मला जे बरं वाटलं ते कशातही वाटलं नाहीये.

तेवढ्यात मेकॅनिकने लिफ्ट उघडली आणि आत्या जिन्यावरून पळत आली. घामाने भिजलेली, केस सुटलेले. खांद्यावर डबा.

लिफ्टमध्ये अडकली, जीव जायची वेळ आली, पळत चार मजले उतरली, पण डबा सोडला नाही. सवयच ती. हात आपोआप पट्ट्यावर जातो.

तिने गोटीला बघितलं, मग फुटलेली काच बघितली. गोटीकडे हात केले. आईने गोटीला तिच्याकडे दिलं नाही. मागे घेतलं आणि डब्याकडे बोट दाखवलं. किती तरी दिवसांनी ती आत्याशी बोलत होती.

"हे वर नेलंस. आणि हिला खाली ठेवलंस."

आत्या म्हणाली, "रक्त खराब होतं गाडीत."

ती असं मुद्दाम नाही म्हणाली. नवीन मुलींना शिकवून शिकवून पाठ झालेलं, तोंडातून बाहेर पडलं. आणि मग ते तिने स्वतः ऐकलं. मी तिचा चेहरा बघत होते. ती जिन्याच्या पायरीवर बसली, डबा मांडीवर, आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून नुसती बसून राहिली. पिशवीवाली बाई म्हणाली, "आई आहे का कोण आहे ही?"

थोड्या वेळाने आत्या उठली आणि आईच्या मनगटाकडे हात नेला. रक्त थेंब थेंब पडत होतं. बघू दे, म्हणाली, काच राहिली असेल आत. आईने तो हात पाठीमागे नेला. "राहू दे. माझ्या नसा पळपुट्या आहेत."

डॉक्टरांनी गोटीला दिवसभर ठेवून घेतलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. म्हणाले, वेळेवर काढलं. रात्रपाळीला जायच्या आधी आतोबा आमच्या घरी आले आणि सोफ्यावर बसून एखाद्या साहेबासारखे आत्याला म्हणाले, "बस झालं आता. नोकरी सोड तू." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आतोबा, झोप झाली का?" पप्पांनी डोळे वटारले. आतोबा म्हणाले, "मोठ्यांशी असं बोलतात का?" मी म्हटलं, मोठ्यांनी फोन उचलला असता तर बोलले नसते. त्यानंतर ते माझ्याशी बोलत नाहीत. मला फरक पडत नाही.

आत्या काय म्हणाली माहितीये? तीसुद्धा भांडलीच. "मग काय करू? आजारी माणसांच्या घरात नेऊ? एकाने लॅबमध्ये तक्रार केली, बाई पोरगी घेऊन येतात म्हणून. घरी ठेवू? हा झोपलेला असतो, गॅस उघडला तिने तर? रोज नीट होत होतं सगळं. त्या एका दिवशी लिफ्ट बंद पडली, तो काय माझा दोष?"

मला तिचं सगळं ऐकूनसुद्धा तेच वाटतं. कारणं असतात, सगळ्यांकडे असतात, खरी असतात. आजारी घरं खरी, झोप खरी, लिफ्ट खरी. पण जी वस्तू गाडीत ठेवायची नाही हे तुला ठाऊक होतं, ती तू कधीच ठेवली नाहीस. एकदाही नाही. म्हणजे जमत होतं. फक्त गोटीसाठी कोणी नियम केला नव्हता, आणि दोन गल्ल्या सोडून एक बाई कप विसळून बसली होती, तिच्याकडे यायचं म्हणजे एक वाक्य मागे घ्यावं लागत होतं. वाक्य जड होतं. पोरगी हलकी.

आई तेवढंच म्हणाली, "सकाळी आणून सोड." आत्या म्हणाली, "तुझ्याकडे ठेवण्यापेक्षा..." आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. आत्या दारात, एका हातात गोटी, खांद्यावर डबा. सॉरी नाही, थँक्यू नाही. म्हणाली, "टेबलाला कोपरे आहेत अजून." आई म्हणाली, "स्पंज लावलाय. तू तुझा डबा सांभाळ." आणि दार लावलं. हे असंच चाललंय आता, रोज, दारात दोन वाक्यं, तीही टोचून.

गोटी आमच्याकडे खेळते, खाते, हसते. पण बेल वाजली की गायब. कुरिअरवाला, शेजारची, पेपरवाला, कोणीही असो. टेबलाखाली, पडद्यामागे, एकदा तर धुवायच्या कपड्यांच्या ढिगात. आणि गप्प, श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

काल दुपारी आत्या न्यायला आली. बेल वाजली, गोटी गेली कुठेतरी. आत्या आत आली, म्हणाली, "चल गोटी." काही नाही. "गोटी, मी आहे." काही नाही. आत्याने पडदे हलवले, टेबलाखाली वाकून बघितलं. मग ती आईकडे बघायला लागली. आईला माहीत होतं ती कुठे आहे, मलाही होतं, दिवाणाच्या चादरीखालून तिचा मोजा दिसत होता. आई भाजी चिरत राहिली. ते लपण्याच्या खेळातलं वाक्य तिने म्हटलं असतं तर गोटी तिसऱ्या सेकंदाला बाहेर आली असती. आईने म्हटलं नाही. मीही नाही.

आत्या दारापाशी जमिनीवर बसली. डबा खांद्यावरून काढला, बाजूला सरकवला, पट्टा सोडला.

"उशीर होईल लॅबला," मी म्हटलं.

"होऊ दे," आत्या म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.